नाकाला झोंबलेल्या मिरच्या

लाल मिरच्या बाजारात आल्या की मी ढिगातली एक उचलते, देठाशी मोडते आणि नाकाशी नेते. वास येत नाही. येणार नाही हे ठाऊक असतं, तरी नेते. भाजीवालीला वाटतं, बाई चोखंदळ आहे. मी चोखंदळ नाही, हट्टी आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

पौष सरत आला की सातपूरच्या मंडईत या मिरच्या दिसायला लागतात. सुकलेल्या नव्हेत, झाडावरच पिकून लाल झालेल्या, ओल्या, टणटणीत. यांचा मोसम आंब्यापेक्षाही लहान. ऊन तापलं की लाल मिरची म्हणजे पोत्यातली, खुळखुळणारी, वर्षाच्या मसाल्याची. तिचा थाट वेगळा, तिला गच्च्या लागतात, कांडप यंत्रापुढच्या रांगा लागतात. ओल्या लाल मिरचीला यातलं काही नाही. ती गुपचूप येते आणि ज्यांना ठाऊक आहे ते तिला घरी नेतात. आंब्यावर माणसं पानंच्या पानं लिहितात. मिरचीबद्दल बोलतात फक्त डॉक्टर, आणि तेही बोट नाचवून.

या मिरचीचा रंजका होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मिरच्या धुऊन, फडक्यानं एकेक पुसून, पाण्याचा थेंबही राहू न देता सुकवायच्या. मग मीठ घालून भरड वाटायच्या, त्यात भाजलेल्या मेथ्या, मोहरी, हिंग आणि भरपूर लिंबाचा रस. बरणीत भरायचा आणि विसरून जायचं. बरणीत तो मुरतो, आंबतो, चढतो. खाताना वर कच्चं तेल, नाहीतर लसणीची फोडणी, नाहीतर दही. जुन्या काळी तोफेच्या कानात जी चिमूटभर दारू घालत तिलाही रंजक म्हणत. या दोन शब्दांचं नातं असेल नसेल, पंडितांनी ठरवावं. मी दोन्ही एकाच घरातले मानते. ठिणगी पडायचा अवकाश.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका माघात माझा वास गेला. साधा ताप आला होता, सर्दी झाली होती. ताप उतरला, सर्दी उतरली आणि जाताना वास घेऊन गेली. मला कळलं ते दुधामुळे. मी ओट्याशीच उभी होते, दूध करपून भांड्याच्या तळाला लागलं, पुढच्या खोलीतून नवरा धावत आला आणि मला विचारायला लागला की लक्ष कुठं आहे. माझं लक्ष दुधाकडेच होतं. ते नुसतं पांढरं दिसत होतं.

नंतरचे दिवस विचारू नका. कोथिंबीर म्हणजे हिरवा पाला. हिंग म्हणजे पिवळी माती. तुपाची फोडणी कानाला कळायची, नाकाला नाही. गोड आणि खारट एवढं जिभेला लांबून समजायचं, बाकी घासामागून घास म्हणजे ओला पुठ्ठा. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, परत येईल किंवा येणारही नाही, वाट बघा. वाट बघायला मी काय बस स्टँडवर उभी होते? माझी खाणावळ होती. आहे.

खाणावळ सातपूरला, कारखान्यांच्या वस्तीत. पुढचं सगळं नवऱ्याकडे, म्हणजे माणसं, ताटं, बोलणं. मागचं सगळं माझ्याकडे. खरं सांगायचं तर आमची भाजी-आमटी कुठल्याही खाणावळीत मिळेल तशीच. माणसं आमच्याकडे येतात ती ताटाच्या डाव्या बाजूसाठी. उजवीकडे भाजी वाढतात, आमटी वाढतात, पोट तिकडे भरतं. डावीकडे चटणी. डावी बाजू पोट भरत नाही, ती फक्त जेवण जिवंत ठेवते. आणि डावी बाजू नेहमीच माझी होती. पाळ्या मांडून दिलेल्या: एक दिवस हिरवा ठेचा, एक दिवस खरडा, लसणीची लाल चटणी, दाण्याची चटणी, माघापासून पुढे रंजका आणि रविवारी मिसळीवरची तर्री.

ठेचा आणि खरडा एकच असं म्हणणाऱ्याला मी ताट वाढत नाही. माझं माहेर मालेगावचं. तिकडे मिरची, लसूण, मीठ खलात घालून ठेचायचं, दाणे थोडे, तेल सढळ. सासरी निफाडकडे मिरच्या तव्यावर तेलात परतायच्या आणि तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडायच्या, तव्याला चिकटलेलं खरडून काढायचं, म्हणून खरडा. खरडलेल्या त्या करपट थरातच त्याचा जीव. लग्न होऊन आले तेव्हा मी खल शोधत होते आणि सासरी सगळे माझ्याकडे बघत होते. मी आजही दोन्ही करते. माहेर सोडायचं नाही आणि सासरला नाव ठेवू द्यायचं नाही, ही माझी मिरचीच्या बाबतीतली राजनीती.

तर्रीचं वेगळंच. तिथं मिरची मारायची नसते, तरंगवायची असते. तेल तापवून गॅस बंद करायचा, थोडं निवू द्यायचं, मग लाल तिखट घालून लगेच पाण्याचा हबका. एक श्वास उशीर झाला की तिखट काळं पडतं आणि तर्रीचा काढा होतो. रंगाला ब्याडगी, जाळाला लवंगी. नुसत्या रंगाची तर्री म्हणजे लग्नातल्या बँडवाल्याचा कोट, वरून झगमग आणि आत घाम. आणि हल्ली गाड्यागाड्यांवर मिळते ती शेजवान चटणी. तिच्यावर माझा राग नाही. व्हिनेगर, साखर आणि तिखट, आधी नाकात शिरते, मग गोड बोलते, मग निघून जाते. पाहुणी म्हणून बरी आहे.

तर हे सगळं माझ्या हाती होतं आणि माझं नाक गेलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. हाताला सवय होती, डोळे शाबूत होते, म्हटलं निभेल. दाण्याच्या चटणीनं पितळ उघडं पाडलं.

साळवे म्हणून एक गिऱ्हाईक आमच्याकडे किती वर्षं जेवतात, त्यांनाही आठवत नसेल. कंपनीत सुपरवायझर, बोलायला कमी, पानात कधी काही टाकलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी दाण्याची चटणी बोटानं हळूच बाजूला सारली आणि बाकीचं जेवून हात धुवून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं. नवऱ्यानं ती चटणी चाखली, आत आला आणि म्हणाला, खवट आहे. दाणे जुने निघाले होते. खवट दाणा दिसायला चांगल्या दाण्यासारखाच असतो. तो फक्त नाकाला कळतो.

मग सांगावंच लागलं. नवरा स्टुलावर बसला. मला वाटलं चिडेल, पण तो चिडला नाही, आणि ते जास्त लागलं. संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा दोघांची मसलत झाली. मुलगा इथं जवळच अंबडला कंपनीत आहे, स्वभावानं गरीब, पण त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय तयार असतो. म्हणाला, आई, आता सगळं बाटलीत मिळतं, लाल सॉस, हिरवा सॉस, लोकांना तेच आवडतं, तू कशाला त्रास करून घेतेस. नवऱ्यानं ठरवून टाकलं. होळीपर्यंत बघायचं, वास आला तर आला, नाहीतर आचारी ठेवायचा. मी गल्ल्यावर बसायचं.

गल्ल्यावर. जणू मला म्हातारपणी बढती मिळाली होती.

त्या दिवसांत एक गोष्ट शिकले. माणसाचा पाय मोडला तर लोक त्याला बसायला खुर्ची देतात. नाक गेलं तर हसू दाबतात. शेजारणी यायच्या, अरेरे म्हणायच्या आणि मग हळूच म्हणायच्या, एका अर्थी बरंच आहे, आपल्याकडच्या नाल्याचा वास तरी येत नाही. बिचारी हा शब्द मी तोवर दुसऱ्यांसाठी वापरत होते. स्वतःसाठी ऐकला तेव्हा कळलं की त्याला तेल-मीठ काहीच नसतं.

बातमी निफाडला गेली आणि आक्का आल्या. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. द्राक्षाच्या बागेत उन्हातान्हात वाढलेली बाई, आवाज बांधावरून बांधापर्यंत जाणारा. त्यांनी आल्या आल्या पदर खोचला. त्यांचं निदान तयार होतं. माझ्या हाताचं कौतुक फार झालं, मला दृष्ट लागली.

"डाक्टरला काय कळतंय," त्या म्हणाल्या. "लय नावाजलं लोकांनी हिला. दृष्ट हाय ही, दुसरं काय नाय."

मला हसू आलं, पण नाही म्हणवेना. डॉक्टरांनी वाट बघायला सांगितलं होतं, आक्का निदान काहीतरी करत होत्या. मागच्या अंगणात शेगडी पेटवली. मला पाटावर बसवलं. मीठ, मोहरी आणि मूठभर सुक्या मिरच्या घेऊन आक्कांनी माझ्यावरून ओवाळायला सुरुवात केली. आल्यागेल्याची, शेजारणीपाजारणीची, बऱ्याची वाईटाची, सगळ्यांची नावं घेऊन झाली. माझ्या मते एकदोन शेजारणी त्यांनी जरा जास्त स्पष्ट घेतल्या. नवरा दारात उभा होता. विश्वास नव्हता त्याचा, तरी उभा होता.

आमच्याकडे दृष्टीचा नियम सगळ्या बायकांना पाठ असतो. मिरच्या जाळावर टाकल्या आणि ठसका लागला नाही, तर दृष्ट होती, ती जळली, माणूस बरं होणार. ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच, मग दुखणं खरं, मग देव आणि डॉक्टर. म्हणजे त्या अंगणात सगळे वाट बघत होते की मी खोकू नये.

आक्कांनी मिरच्या शेगडीत टाकल्या. धूर वर आला, काळपट, जाड. मला वास नाही आला. करपल्याचा, मोहरीचा, कशाचाच नाही. आक्कांच्या तोंडावर आशा दिसायला लागली. आणि मग घशाच्या मागून काहीतरी सुईसारखं आत गेलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी खोकले. खोकले म्हणजे काय, पाटावरून उठून भिंत धरून खोकले, नाक वाहायला लागलं, छातीत आग उतरली.

आक्का खाली बसल्या. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसं त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "लागला रे ठसका."

नवऱ्यानं मान खाली घातली. आणि मी, नाक पुसत, डोळे पुसत, हसायला लागले. त्यांना वाटलं, हिचं डोकंही गेलं. त्यांना कसं सांगू? इतके दिवस माझ्या नाकात काहीच शिरत नव्हतं. दूध नाही, तूप नाही, नाला नाही. सगळी दुनिया माझ्या तोंडावर दार लावून बसली होती आणि मिरची लाथ मारून आत आली होती. मी म्हटलं, आक्का, अजून टाका. त्यांनी टाकल्या नाहीत. त्यांनी शेगडीवर पाणी ओतलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, हो, तिखट कळेलच, ती चव नाहीच मुळी, ती जळजळ आहे, तिची नस वेगळी. इतक्या सहज म्हणाले. हे आधी सांगायला काय झालं होतं? आणि चव नाही म्हणजे काय? आपल्याकडे षड्रसांत तिखट मोजलेलं आहे. ज्यांनी मोजलं त्यांच्या जिभेवर माझा जास्त विश्वास आहे. पण मी वाद घातला नाही. मला हवं ते मिळालं होतं.

घरी आले आणि ओट्यावर सगळ्या मिरच्या मांडल्या. एकेक चाखत गेले. आतापर्यंत मी तिखट म्हणजे तिखट, कमी नाहीतर जास्त, एवढंच समजत होते. वास मध्ये बोलत राहायचा, तिखटाचं म्हणणं ऐकूच यायचं नाही. वास गप्प झाला तेव्हा कळलं की मिरच्या किती वेगळं बोलतात. कच्ची हिरवी लवंगी जिभेच्या टोकाला चावते आणि पळते. तव्यावर भाजली की तीच मिरची टोक सोडून जिभेच्या कडांना जाते आणि कान गरम करते. सुक्या तिखटाची लसूण चटणी आधी साळसूद बसून राहते, घास गिळला की घशाच्या मागे उठते आणि पुढच्या दोन घासांना सोडत नाही. तर्री ओठांना धरते, तेलामुळे, आणि टाळूवर घाम आणते. आणि ओली लाल मिरची सावकाश, जिभेखालून चढते. लिंबानं जबडा आवळला की मगच कळतं की ती कधीची येऊन बसली होती.

त्या माघात मी रंजका घातला. नवरा म्हणाला, कशाला, होळीनंतर आचारी येणारच आहे. मी मिरच्या पुसत बसले. एकेक मिरची फडक्यानं पुसताना माझ्या मनात जे शब्द आले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

पण दाण्याची चटणी मी विसरले नव्हते. खवटपणा, बुरशी, करपण्याच्या आधीचा तो क्षण, हे मिरची सांगत नाही. तिथं नाकच लागतं. माझं नव्हतं. म्हटलं, घरात दुसरं आहे, तेही चांगलं लांब. मी नवऱ्याला म्हटलं की तिखट माझ्याकडे आणि वास तुमच्याकडे, सकाळी येऊन तेल हुंगायचं, दाणे हुंगायचे, बरण्या हुंगायच्या. तो म्हणाला, मी काय पोलिसांचा कुत्रा आहे? दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी मी मेथ्या भाजत होते तर मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, उतरव. लग्नाला इतकी वर्षं झाली, स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं मला सांगितलेला तो पहिला उपयोगी शब्द. मी उतरवल्या. मेथ्या बरोबर तांबूस होत्या.

मग तो रोज यायला लागला. सुरुवातीला फार चुकायचा, बऱ्या तेलालाही वास मारतो म्हणायचा. मी नाक मुरडलं की म्हणायचा, तुझ्या नाकाला मुरडण्याचा तरी काय अधिकार आहे. आम्ही दोघं खूप हसलो त्या दिवसांत. हसायचे दिवस नव्हते, तरी.

होळीच्या तोंडावर आचारी आला. नवऱ्यानं शब्द दिला होता, तो फिरवला नव्हता. माणूस चांगला होता, हात स्वच्छ, बोलणं मोजकं. त्यानं येतानाच लाल सॉसची मोठी बाटली आणली आणि ओट्यावर, खलाच्या शेजारी ठेवली. मी त्या बाटलीकडे बघत राहिले. मग फळीवरून रंजक्याची बरणी उतरवली. मुरायला ठेवल्यापासून उघडली नव्हती. चव बघायचं धाडस मला होत नव्हतं, खरं सांगते. तो बिघडला असता तर मला कळणार नव्हतं, आणि बिघडला असता तर गल्ला ठरलेला होता. मी बरणी नवऱ्यापुढे धरली.

त्यानं फडकं सोडलं, झाकण काढलं, आणि हुंगायचं म्हणून नाक थेट बरणीत घातलं. इतक्या दिवसांत तो हुंगायला शिकला होता, पण रंजक्यासमोर किती अंतर ठेवायचं हे मी शिकवलं नव्हतं. असा ठसका लागला त्याला, की पुढच्या खोलीत जेवणारी माणसं उठून दारात आली. साळवे हातात पाण्याचा पेला घेऊन आत आले. आचारी घाबरला, म्हणाला, काय झालं शेठ, खराब झालंय का?

नवरा पाणी प्यायला. डोळे पुसले, पुन्हा पुसले. ते सगळंच पाणी मिरचीचं नव्हतं असं मला वाटतं, पण त्याला विचारलं तर तो मिरचीवरच ढकलेल.

"खराब नाही," तो म्हणाला. "तुम्ही भाजी-आमटीला या उद्यापासून. डावी बाजू हिच्याकडेच राहील."

आचारी अजून आहे. भाजी छान करतो, बाटली त्यानं दुसऱ्याच दिवशी परत नेली. साळव्यांनी त्या दुपारी रंजका दोनदा मागून घेतला, ताट निपटलं, आणि जाताना आत डोकावून फक्त नाकातून एकदा सूं केलं. त्यांच्या मानानं ते भाषणच झालं.

वास परत आलेला नाही. कधीतरी पहाटे वाटतं की कांदा भाजल्यासारखं काही आलं, आणि डोळे उघडले की गेलेलं असतं. नवरा अजून रोज सकाळी बरण्या हुंगतो. आक्का मात्र मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, ठसका लागला म्हणजे दुखणं खरं. मी म्हणते, दुखणं खरं असू दे, मीही खरी आहे.

परवा मंडईत पुन्हा ढीग लागलेले होते. मी मिरची उचलली, मोडली, नाकपुडीला टेकवली. दिंडोरीकडची ती भाजीवाली मला दरसाल बघते. या खेपेला तिनं विचारलंच.

"बाई, दर येळेला नाकाला लावता. वास बघता का?"

मी म्हटलं, मला वास येत नाही, किती वर्षं झाली. तिचा चेहरा पडला, आणि ओठांवर तो शब्द येताना मला दिसला, बिचारी. तो बाहेर पडायच्या आत माझी नाकपुडी पेटली, डोळे भरले, आणि मी भर मंडईत अशी शिंकले की शेजारचा कांदेवाला वळून बघायला लागला.

"झोंबते," मी म्हटलं. "पिशवी भर."